न दिसणारा तराजू आणि रमजानचा बाजार

रमजान हा उपवासाचा, इबादतीचा आणि दानाचा महिना. तसाच तो बाजाराचाही महिना आहे. दुपारनंतरची असरची नमाज आटोपली की मशिदीजवळच्या रस्त्यावर हातगाड्या लागू लागतात. खजूर, कलिंगड, पपई, केळी, समोसे, भजी, फिरनी, मालपुवा यांनी रस्ता भरून जातो. शेवटच्या दहा दिवसांत त्यात शेवया, सुकामेवा, कपडे, अत्तर आणि बांगड्यांची भर पडते. मुंबईत मिनारा मशिदीजवळचा मोहम्मद अली रोड, पुण्यात कोंढव्याचे कौसरबाग, सोलापुरात विजापूर वेशीतला मीना बाजार यांची कीर्ती दूरवर आहे. पण लहानमोठ्या प्रत्येक शहरात असा एक रस्ता असतोच.

हा रस्ता एकट्या रोजेदारांचा राहत नाही. रोजा न ठेवणारेही तितक्याच हौसेने तिथे येतात. शेजारच्या पेठेतले कुटुंब मुलांना घेऊन फिरनी खायला येते. कापडाचे दुकान मारवाड्याचे असते, किराणा लिंगायत वाण्याचा असतो, कलिंगडे जवळच्या गावातल्या शेतकऱ्याच्या मळ्यातून आलेली असतात. एकमेकांचा सण कसा असतो, हे शहरातली माणसे पुस्तकांतून कमी आणि अशा रस्त्यांवरून जास्त शिकतात.

गेल्या काही वर्षांत या बाजाराचा एक भाग मोबाइलमध्ये गेला आहे. खजूर विकणारा दुकानदार इन्स्टाग्रामवर रील टाकतो, बिर्याणीवाला व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेतो, शिवणकाम करणाऱ्या बायका घरबसल्या शरारा-कुर्त्याचे फोटो पाठवतात. दिवसाला शे-दोनशे रुपये भरून जाहिरात 'बूस्ट' करणे आता छोट्या व्यापाऱ्यालाही जमते. ही सोय मोठी आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. फरक एकच आहे. रस्त्यावरचे दुकान येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. मोबाइलमधले दुकान कोणाला दिसायचे आणि कोणाला नाही, हे दुकानदारही पूर्णपणे ठरवत नाही आणि गिऱ्हाईकही ठरवत नाही. ते तिसराच कोणी ठरवतो. डिजिटल जाहिरातीच्या क्षेत्रात जे नवे तंत्रज्ञान आणि जे नवे संशोधन येत आहे, ते सगळे या तिसऱ्याभोवती फिरते. म्हणून रमजानच्या निमित्ताने त्याची ओळख करून घ्यायला हवी.

ओले धान्य वर ठेवा

इस्लाममध्ये तिजारत, म्हणजे व्यापार, हे सन्मानाचे काम मानले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः व्यापार केला होता. हदीसमधला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. बाजारातून जाताना प्रेषितांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले की मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही; आणि फसवणारा आपला नव्हे, असे बजावले. कुरआनमध्ये तर मापात कमी देणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, 'अल-मुतफ्फिफीन'. पुढे मुस्लिम राज्यांत बाजारातली वजने-मापे आणि मालाची शुद्धता तपासायला 'मुहतसिब' नावाचा अधिकारी नेमला जाऊ लागला.

ही शिकवण एका धर्मापुरती नाही. देहूच्या तुकोबांच्या घरी महाजनकी आणि दुकान होते. प्रामाणिक व्यवहाराचा त्यांचा आग्रह मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. आजही आपल्याकडे दुकानदाराला आपला वजनकाटा वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. या सगळ्यामागचे तत्त्व साधे आहे: गिऱ्हाइकाला ढिगात हात घालता आला पाहिजे आणि तराजू दोघांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. मोबाइलमधल्या बाजाराला हेच तत्त्व लावून पाहायचे आहे.

जागेचा लिलाव

वर्तमानपत्रातली जाहिरात जागेच्या दराने विकली जाते आणि त्या दिवशी अंक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ती सारखीच दिसते. मोबाइलवर तसे नसते. पडद्यावर जाहिरातीची जागा येताच, पापणी लवायच्या आत, तिच्यासाठी लिलाव होतो. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या लिलावात तीन गोष्टी धरल्या जातात: जाहिरातदाराची बोली किती, समोरचा माणूस त्या जाहिरातीला प्रतिसाद देण्याची शक्यता किती, आणि जाहिरातीचा दर्जा कसा. नुसती मोठी बोली लावली म्हणजे जागा मिळते असे नाही. शक्यता जास्त असेल तर कमी बोलीची जाहिरातही जिंकते.

यातली दुसरी गोष्ट, म्हणजे शक्यता, ठरवण्यासाठी यंत्राला माणूस ओळखावा लागतो. तो काय पाहतो, कशावर थांबतो, कुठे राहतो, कोणत्या दुकानाशी बोलतो, याचा हिशेब त्यासाठीच ठेवला जातो. थोडक्यात, इथे गिऱ्हाईक ढिगात हात घालत नाही. ढीगच गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालतो.

या ओळखीची पोहोच किती आहे, हे २०१३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील मायकेल कोसिन्स्की, डेव्हिड स्टिलवेल आणि त्यांचे सहकारी थोरे ग्रेपेल यांच्या अभ्यासातून जगासमोर आले. अमेरिकेतील ५८ हजारांहून अधिक लोकांनी स्वेच्छेने आपल्या फेसबुकवरच्या 'लाइक'ची माहिती त्यांना दिली होती. केवळ या पसंतींवरून माणूस ख्रिस्ती आहे की मुस्लिम, हे त्यांच्या गणिताने ८२ टक्के प्रकरणांत बरोबर ओळखले. कोणी आपला धर्म लिहिला होता म्हणून नव्हे. गाणी, खाणे, कार्यक्रम अशा साध्या आवडींवरून.

पुढे दबाव वाढल्यावर मेटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केले, की धर्म, आरोग्य, राजकीय मते अशा नाजूक विषयांशी जोडलेले निवडीचे पर्याय जाहिरातदारांना यापुढे मिळणार नाहीत. जानेवारी २०२२ पासून ते काढायला सुरुवात झाली. हे पाऊल चांगलेच होते. पण त्याने प्रश्न मिटला नाही, कारण जाहिरातदाराने निवड केली नाही तरी यंत्र स्वतः निवड करतच असते.

हेही संशोधनातून दिसले आहे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये फेसबुकवर स्वतः पैसे भरून जाहिराती दिल्या. प्रेक्षक निवडताना त्यांनी कोणताही भेद केला नाही, सर्वांना सारखी संधी ठेवली. तरी लाकूडतोडीच्या नोकरीची जाहिरात ज्यांना दिसली त्यांत ९० टक्के पुरुष आणि ७२ टक्के गोरे होते. सुपरमार्केटमधल्या रोखपालाच्या नोकरीची जाहिरात पाहणाऱ्यांत ८५ टक्के स्त्रिया होत्या, तर टॅक्सी कंपनीतल्या नोकरीच्या जाहिरातीचे ७५ टक्के प्रेक्षक कृष्णवर्णीय होते. संशोधकांनी मग चित्रे जवळजवळ पारदर्शक केली. माणसाच्या डोळ्याला तिथे कोरा पडदाच दिसत होता, पण यंत्राने चित्र 'वाचले' आणि भेद कायम राहिला.

एक शहर, दोन बाजार

अभ्यास अमेरिकेतला असला तरी शक्यतेचे गणित सगळीकडे त्याच तत्त्वावर चालते. ते आपल्या शहरात लावून पाहू. एका दुकानदाराने खजुराची जाहिरात दिली. चित्रात चंद्रकोर, कंदील, 'रमजान मुबारक'. सुरुवातीला ती थोड्या थोड्या सर्वांना दाखवली जाते. ज्यांनी तिच्यावर बोट ठेवले त्यांच्यासारख्या माणसांकडे यंत्र ती वळवत जाते. पहिल्या काही तासांत प्रतिसाद देणारे बहुतेक रोजेदार असणार, हे उघड आहे. म्हणजे पुढचे प्रेक्षकही तसेच. शेजारच्या पेठेतल्या ज्या माणसाने कदाचित मधुमेहाच्या पथ्यात साखरेऐवजी काय, किंवा मुलाच्या डब्यात काय, म्हणून खजूर घेतला असता, त्याच्यापर्यंत जाहिरात पोचण्याची शक्यता हळूहळू कमी होत जाते.

दिवाळीच्या फराळाचे, गणपतीतल्या मोदकांचे, नाताळच्या केकचेही असेच होते. मुस्लिम मोहल्ल्यातल्या घरात चकली-चिवडा आवडीने खाल्ला जातो. पण पणतीचे चित्र असलेली फराळाची जाहिरात त्या घरापर्यंत पोचेलच असे नाही.

यात कुणाचा द्वेष नाही, कट नाही. यंत्राला धर्माशी देणेघेणे नसते. त्याला फक्त बोट हवे असते. पण परिणाम असा होतो, की एकाच शहरातली दोन माणसे एकाच चौकात उभी राहून मोबाइल पाहत असतात आणि दोघांच्या हातात दोन वेगळे बाजार असतात. रस्त्यावरच्या बाजारात शेजाऱ्याचा सण न शोधताही दिसायचा. पडद्यावर तो शोधावा लागतो. बातम्या आणि अफवांच्या बाबतीत अशी विभागणी काय करते, याचा अनुभव सर्वांना आहे. खरेदीविक्रीसारखा रोजचा, निरुपद्रवी धागाही त्याच वाटेने गेला, तर शहरात एकमेकांची तोंडओळख कुठे होणार?

पैसे जातात, माल कुणामुळे खपतो?

दुकानदार म्हणेल, 'शहराचे बघू नंतर, माझा माल खपतोय ना?' हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावरही गंभीर संशोधन झाले आहे.

ईबे या मोठ्या ऑनलाइन बाजाराने २०१२ मध्ये एक प्रयोग केला. लोक शोधयंत्रात 'ईबे' हे नाव टाकत, तेव्हा वर येणाऱ्या सशुल्क जाहिराती कंपनीने बंद केल्या. जाहिरातीवरून येणारी गर्दी आटायला हवी होती. पण ती जवळपास सगळी गर्दी खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. ज्याने नाव लिहून शोधले तो तसाही येणारच होता. नंतर इतर शब्दांवरच्या जाहिरातीही अमेरिकेच्या काही भागांत बंद करून पाहिल्या. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या खरेदीत फरक पडला नाही. फरक पडला तो नव्या किंवा क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांत. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जाहिरातीच्या धंद्यात तो आजही सांगितला जातो.

त्याचा धडा छोट्या व्यापाऱ्यालाही लागू आहे. जाहिरातीचा खरा उपयोग ज्याला दुकान माहीत नाही त्याच्यासाठी असतो. यंत्राचा ओढा मात्र जो तसाही घेणार होता त्याच्याकडे असतो, कारण तिथे बोट लवकर पडते आणि आकडा चांगला दिसतो. खजूरवाल्याचे नेहमीचे गिऱ्हाईक जाहिरातीवरून आले, अशी नोंद होते. प्रत्यक्षात ते तरावीहच्या नमाजेला जाताना दुकानासमोरूनच जात असते. नवे गिऱ्हाईक मिळायचे तर जाहिरात शेजारच्या पेठेत पोचली पाहिजे. म्हणजे दुकानदाराचा फायदा आणि शहराचा फायदा इथे एकाच बाजूला आहेत.

दुसरी अडचण तराजूची. जाहिरातीची जागा विकणारी कंपनीच ती किती जणांनी पाहिली, किती जणांनी खरेदी केली, हे मोजून सांगते. विकणाराच काट्यावर वजन करतो आणि काट्यावर शिक्का कुणाचाच नाही. २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केले, की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा आपण सुमारे दोन वर्षे फुगवून सांगत होतो. मोठ्या कंपन्या यावर स्वतंत्र मोजमाप करून घेऊ शकतात. गल्लीतल्या दुकानदाराला तो खर्च परवडत नाही.

पण एक साधा प्रयोग त्याच्याही हातात आहे. रमजानमध्ये खप दर आठवड्याला वाढतच जातो, त्यामुळे हा आठवडा आणि मागचा आठवडा यांची तुलना फसवी ठरते. त्याऐवजी एक दिवस जाहिरात चालू, एक दिवस बंद, असे दहा-बारा दिवस करावे, किंवा शहराच्या एका भागातच ती चालवावी. आणि गल्ल्यावर येणाऱ्या नव्या माणसाला 'दुकान कुठून कळले?' एवढेच विचारून वहीत खूण करावी. मोबाइलमधला आकडा आणि वहीतला आकडा शेजारी ठेवले की बरेच काही समजते.

किब्ला दाखवणारे ॲप आणि बिलावरचा नंबर

जाहिरातीसाठी गोळा होणारी माहिती जाहिरातीपुरतीच राहते असेही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तसंस्थळाने एक बातमी दिली. नमाजेच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे, जगभर कोट्यवधी लोकांनी घेतलेले 'मुस्लिम प्रो' हे ॲप वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती 'एक्स-मोड' नावाच्या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराशी जोडलेले कंत्राटदार होते. आपण लष्कराला थेट माहिती विकली नाही असा खुलासा ॲपच्या कंपनीने केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने एक्स-मोड आणि तिची वारसदार कंपनी यांना संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. त्या ठिकाणांत दवाखाने आणि निवारागृहांबरोबर प्रार्थनास्थळांचाही समावेश होता. मशीद, मंदिर, चर्च, गुरुद्वारा: कोण कुठे, किती वाजता जातो, हा विकाऊ माल झाला होता.

हे घडते कसे? ॲप बनवणारा अनेकदा दुसऱ्या कंपनीचा तयार कोड आपल्या ॲपमध्ये बसवतो आणि त्याचे पैसे घेतो. वापरणाऱ्याने एकदा 'लोकेशन'ला हो म्हटले, की ती माहिती त्या वाटेने बाहेर जाते. किब्ला शोधायला ठावठिकाणा लागतो हे खरे. पण तो ॲप उघडे असतानाच लागतो, चोवीस तास नाही.

अशा पाळतीविरुद्ध तंत्रज्ञानातही बदल झाले. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने नियम केला, की आयफोनवर इतर ॲपमध्ये माणसाचा माग काढायचा असेल तर आधी त्याची परवानगी मागावी लागेल. या एका नियमामुळे २०२२ या वर्षात आपल्याला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने जाहीर केला होता. यावरून माणसाचा माग काढण्याची किंमत केवढी आहे, हे कळते. गुगलनेही क्रोम ब्राउझरमधल्या, इतर संकेतस्थळांना माग काढू देणाऱ्या 'कुकी' बंद करण्याचे २०२० मध्ये जाहीर केले, अनेकदा पुढे ढकलले आणि अखेर २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

या ओढाताणीचा परिणाम म्हणून आता कंपन्यांना गिऱ्हाइकाने स्वतःहून दिलेली माहिती हवी आहे. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मोबाइल नंबर. ईदच्या कपड्यांचे बिल करताना काउंटरवर नंबर विचारला जातो, तो केवळ बिल पाठवण्यासाठी असतोच असे नाही. नंबरांची यादी जाहिरातीच्या यंत्रणेत टाकली, की तीच माणसे आणि त्यांच्यासारखी इतर माणसे तिथे सापडतात. नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही, असे दुकानदाराने म्हणणे चुकीचे आहे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानांना कळवले आहे. नंबर ही अमानत आहे. ज्या कामासाठी दिली त्याच कामाला ती वापरायची असते.

घाई, लाज आणि दान

हदीसमध्ये 'नजश' नावाचा एक प्रकार निषिद्ध ठरवला आहे. घ्यायचे काहीच नाही, पण भाव वाढावा म्हणून खोटी बोली लावायची, याला नजश म्हणतात. आजच्या पडद्यावर त्याची भावंडे पुष्कळ आहेत. 'फक्त दोनच शिल्लक', 'आणखी ३४ जण आत्ता हे पाहत आहेत', उलटे धावणारे घड्याळ, विकत घेतलेले पाच तारे. पैसे किंवा फुकटचे जेवण घेऊन इफ्तारच्या पदार्थांची रील करायची आणि तसे न सांगता शिफारस करायची, हाही त्यातलाच प्रकार. अशी शिफारस जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावे, असे सरकारने जानेवारी २०२३ मध्ये बजावले आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पडद्यावरच्या अशा फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई हा त्यांतला पहिला. नाही म्हणणाऱ्याला लाजवणे हा दुसरा एक. आणि रमजानच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रकार म्हणजे गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय बिलात काही घुसडणे. या व्याख्येत परस्पर जोडलेल्या देणगीचाही स्पष्ट उल्लेख आहे.

हा महिना जकात, सदका आणि फितऱ्याचा आहे. देणाऱ्याचे मन मऊ असते आणि हे जाहिरातीच्या यंत्रालाही कळते. रुग्णाच्या, अनाथ मुलांच्या चित्रांसह आवाहने याच दिवसांत पडद्यावर वाढतात. त्यांतली अनेक खरी असतात, पण आवाहन जितके हृदयद्रावक तितके ते खरे, असा काही नियम नाही. जकात ही ठरावीक हक्कदारांपर्यंत पोचवायची जबाबदारी आहे. क्यूआर कोडवर पैसे टाकण्याआधी खाते कोणाच्या नावाचे आहे, संस्था नोंदणीकृत आहे का, देणगीत मंचाचे शुल्क आधीच टिक करून ठेवले आहे का, हे पाहणे दानाच्या विरोधात जात नाही. ते दानाचा भागच आहे.

कायदा कुठवर आला

देशात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक मुख्य तरतुदींसाठी दीड वर्षाची मुदत दिली गेली. या कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यावी लागेल, दिलेली संमती परत घेता येईल, १८ वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे आणि गंभीर चुकीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

एक गोष्ट मात्र गळाली. २०१९ च्या विधेयकात धार्मिक श्रद्धेची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी ठेवली होती. २०२३ च्या कायद्यात तशी वेगळी वर्गवारीच नाही. युरोपीय संघाने आपल्या डिजिटल सेवा कायद्यात, धर्मासारख्या संवेदनशील माहितीवरून माणसाचे चित्र तयार करून त्याला मंचांवर जाहिराती दाखवण्यास बंदी घातली आहे. अनेक धर्मांची माणसे एका गल्लीत राहणाऱ्या आपल्या देशाला अशा तरतुदीची गरज युरोपपेक्षा कमी नाही. ही मागणी एका समाजाची समजली जाऊ नये. ज्याच्या देव्हाऱ्याचा, दर्ग्याचा किंवा चर्चचा माग निघू शकतो, त्या प्रत्येकाची ती आहे.

यंत्र बदलेल, नियत आपली

आता जाहिरातीत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. गुगल आणि मेटा या दोघांच्याही यंत्रणांत आज मजकूर, चित्र, प्रेक्षक आणि बोली यांतले बरेचसे काम यंत्रावर सोडता येते. ज्या दुकानदाराला कधी जाहिरात संस्थेची पायरी चढता आली नसती, तो काही मिनिटांत मराठीत, उर्दूत, हिंदीत जाहिरात करू शकतो. हा मोठाच लाभ आहे. पण त्याच यंत्राने बनवलेल्या बिर्याणीच्या चित्रातले केशर ताटात नसेल, तर ते ओले धान्य खाली ठेवण्यासारखेच आहे. दुसरीकडे, आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेशी लोक जे बोलतात त्याचा उपयोग जाहिराती निवडण्यासाठी करण्यास मेटाने डिसेंबर २०२५ पासून बहुतेक देशांत सुरुवात केली. धार्मिक विचारांसारखे विषय त्यातून वगळू, असे कंपनी सांगते. पण धर्म न सांगताही आवडीनिवडींवरून तो कळतो, हे २०१३ चा अभ्यास सांगून गेला आहे.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर शहरातल्या माणसांच्या हातात काही गोष्टी आहेत. दुकानदाराने जाहिरात देताना आपल्या मोहल्ल्यापुरता नव्हे, तर सगळ्या शहराचा परीघ निवडावा. त्याच मालाची एक जाहिरात चंद्रकोरीची आणि दुसरी साध्या मराठी मजकुराची, भावासह, अशा दोन कराव्यात आणि दोघींना वेगळे पैसे लावावेत, म्हणजे दुसरी यंत्राच्या गणितात मागे पडणार नाही. स्वतःच्या ताटाचा, स्वतःच्या कापडाचा फोटो टाकावा. व्हॉट्सॲपच्या यादीत विचारल्याशिवाय कुणाला घालू नये. गिऱ्हाइकाने ॲपची परवानगी 'वापरत असतानाच' एवढीच द्यावी, जाहिरातीजवळचे तीन टिंब दाबून 'ही मला का दिसते' ते एकदा तरी वाचावे आणि आपल्या मोबाइलमध्ये शेजाऱ्याच्या सणाचे दुकान दिसत नसेल, तर नाव टाकून ते शोधावे. यंत्र बोटाच्या मागे येते. बोट कुठे न्यायचे, हे अजून आपल्या हातात आहे.

उर्दूत आणि मराठीत एक शब्द समान आहे: बरकत. कमाई थोडी असली तरी पुरते, टिकते आणि इतरांनाही पोचते, तेव्हा तिच्यात बरकत आहे असे दोन्ही भाषांतली माणसे म्हणतात. खोटी शपथ घेऊन माल खपतो, पण बरकत निघून जाते, अशी हदीसची शिकवण आहे. जाहिरातीच्या आकड्यांत बरकतीचा रकाना नसतो. तो दुकानदाराच्या वहीत आणि गिऱ्हाइकाच्या विश्वासातच भरला जातो. यंदाच्या ईदच्या खरेदीत तो रकाना दोघांनीही रिकामा सोडू नये.